आधी माळ की आधी दवाखाना?

आमच्याकडे खानदेशात एखाद्या घरात दारूचं प्रकरण हाताबाहेर गेलं की बैठक बसते. ओट्यावर मोठे काका, मामा, शेजारचे नाना आणि दाराआड बायका. तासभर बोलणं झालं की गाडी ठरलेल्या जागी येऊन अडते: याला दवाखान्यात न्यायचं की दारू सोडायचा नेम म्हणून गळ्यात वारकऱ्याची माळ घालायची? एक जण म्हणतो, गोळ्यांनी कुणाची सुटली आजवर? दुसरा म्हणतो, मागच्या आषाढीला घातली होती की माळ, पोळ्यापर्यंत तरी टिकली का?

मी एका व्यसनमुक्ती ओपीडीत काही वर्षं स्वयंसेवक म्हणून बसलो आहे आणि आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. त्यामुळे दोघांचंही म्हणणं मला आतून कळतं. दोघंही अर्धे बरोबर असतात. चूक होते ती क्रमात.

दोन्ही जोडणारी एक वाट आहे: श्रद्धेचा आधार घेणारं बाह्यरुग्ण समुपदेशन. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. माणूस भरती होत नाही. घरीच राहतो, शेतात किंवा दुकानात कामाला जातो आणि आठवड्यातून एकदा येऊन समुपदेशकापुढे पाऊण तास बसतो. त्या बोलण्यात त्याचा देव, त्याचा नेम, त्याची दिंडी यांना उघडपणे जागा असते. नेहमीच्या समुपदेशनात हा विषय बऱ्याचदा दाराबाहेर चपलांसोबत राहतो. इथे तो खोलीत येतो.

पण खोलीत शिरण्याआधी शरीराचं बघावं लागतं.

तिसरी रात्र

रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूची गुंगी धरूनच चालायला शिकलेला असतो. गुंगी त्याला मागे ओढते, म्हणून तो आतून स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की मागे ओढणारं कुणी उरत नाही आणि वाढवलेला वेग तसाच राहतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जण भ्रमात जातात: अंथरुणावर किडे दिसतात, भिंतीवर साप दिसतात, गेलेल्या वडिलांशी बोलणं सुरू होतं, दिवस कोणता ते कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

आता हेच आपल्या घरात कसं दिसतं बघा. माणसानं एकादशीला माळ घातली, दारू त्या क्षणी बंद केली. तिसऱ्या रात्री तो उठून कोपऱ्याकडे बोट दाखवतो आणि ओरडतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं लागलं, नाहीतर देवाचं काही चुकलं. मग गाडी काढून भगताकडे नेतात, उतारा होतो, आणि जे तास दवाखान्यात जायला हवेत ते लिंबू-नारळात जातात. मी हे एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं आहे. म्हणून कुणी माळ घालतोय असं कळलं की मी आधी विचारतो, शेवटची कधी घेतली आणि रोज किती घेत होता? प्रश्न ऐकून महाराजमंडळी थोडी चमकतात. पण उत्तर ऐकून तेच दवाखान्याचा रस्ता दाखवतात, हेही सांगायला हवं.

या दिवसांसाठी डॉक्टरांकडे मेंदूचा वेग हळूहळू उतरवणाऱ्या गोळ्या असतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात. आमच्या भागात अशक्तपणा म्हटलं की सलाईन लावायची सवय आहे; पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टरला "हा रोज पितो" हे लाज न धरता सांगावं ते याचसाठी.

ज्याला पूर्वी फिट आली आहे, भ्रम झाला आहे, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, किंवा ज्याच्याजवळ रात्री बसायला कुणीच नाही, त्यानं ओपीडीच्या भरवशावर राहू नये. त्याला आधी काही दिवस भरती करावं लागतं. बाकीच्या बऱ्याच जणांना डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी राहूनही सोडता येते.

श्रावणाचंही इथेच सांगतो. गटारीला शेवटची आणि पोळ्याला पुन्हा पहिली, असा नेम पाळणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. "मी पूर्ण श्रावण पाळतो, मला कसलं व्यसन?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते तोंडपाठ झालं. महिनाभर थांबता येतं यावरून व्यसन नाही असं ठरत नाही. पोळ्याच्या दिवशी सकाळपासून मन कुठे असतं, त्यावरून बरंच काही ठरतं. मात्र समुपदेशक या श्रावणाला हसत नाही. तो विचारतो, या महिन्यात संध्याकाळी काय करत होतात? उत्तरात उपचाराचा अर्धा आराखडा मिळतो.

देव आणि दवाखाना एकाच खोलीत

ही जोडी नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1877 साली लुई-लुसियाँ रोशा या पाद्र्यानं दारूत अडकलेल्यांसाठी ब्लू क्रॉस ही संस्था सुरू केली. पण जगभर पसरली ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए. तिची सुरुवात आमच्या ओट्यावरच्या वादाला सरळ उत्तर देते. 1934 च्या डिसेंबरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस दारू उतरवायला न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात भरती झाला. तिथे, उपचार चालू असताना, त्याला देवाचा प्रत्यय आला असं त्यानं सांगितलं. विल्यम सिल्कवर्थ या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं नाही. जे हाती लागलंय ते सोडू नको, एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी त्याची गाठ बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. बॉबनं शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 हा दिवस एए स्थापनादिन मानते. म्हणजे देवाचा साक्षात्कार झाला तो दवाखान्याच्या खाटेवर, आणि टिकला तो दुसऱ्या दारुड्याशी बोलल्यामुळे.

1939 साली त्यांच्या बारा पायऱ्या छापल्या गेल्या. त्यात देवाचा उल्लेख आहे, पण "आम्हाला जसा उमगला तसा" ही जोड मुद्दाम ठेवली. म्हणूनच पुण्या-मुंबईपासून आपल्यापर्यंत त्या सभेत विठ्ठलवाला, नमाजी आणि देव न मानणारा एकाच बाकावर बसू शकतो. एएची सभा म्हणजे उपचार नव्हे, तिथे डॉक्टर नसतो आणि फीही नसते. ती जोडीला धरायची गोष्ट.

आता पुराव्याचं. 2020 साली वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास आणि 10,565 माणसं एकत्र धरून आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडणारे उपचार आणि विचार-वर्तन बदलणारे नेहमीचे उपचार यांची तुलना होती. वर्षभरानंतर पूर्ण कोरे राहिलेले पहिल्या गटात सुमारे 42 टक्के निघाले, दुसऱ्यात 35. फरक आहे, पण कुणी फटाके वाजवावेत इतका नाही. आणि निम्म्याहून जास्त लोक दोन्हीकडे वर्षभरात पुन्हा प्यायले, हेही त्याच आकड्यांत लिहिलं आहे. का उपयोग होतो याचा शोध घेणाऱ्यांना असं दिसलं की मोठा वाटा संगत बदलण्याचा आहे. श्रद्धा वाढल्याचा फायदा जास्त करून ज्यांचं व्यसन खोल गेलं होतं त्यांच्यात दिसला. मला यात आश्चर्य वाटलं नाही. भजनी मंडळात बसणाऱ्या माणसाचं पहिलं काय बदलतं? तो संध्याकाळी कुणाशेजारी बसतो ते.

पाऊण तासात काय होतं

पहिल्या भेटीत उपदेश नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं तयार केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी असते, ऑडिट नावाची: आठवड्यातून किती वेळा, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, कुणाला इजा झाली का. मग समुपदेशक एक उलटाच प्रश्न विचारतो: दारूनं तुम्हाला काय दिलं? आयुष्यभर फक्त शिव्या खाल्लेला माणूस इथे गोंधळतो. मग सांगू लागतो: केळीच्या बागेत दिवसभर घड वाहून पाठ भरून येते, ती मोकळी होते, भाऊबंदकीचा ताण विसरतो, कापूस विकून आल्यावर चार माणसांत बसता येतं. हे सगळं खरं असतं. ते कबूल केल्यावरच "आणि नेलं काय?" हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचं उत्तर तो स्वतःच्या तोंडानं देतो. सोडायची कारणं दुसऱ्यानं सांगितली की माणूस वाद घालतो; स्वतः सांगितली की ती त्याची होतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली ही रीत मांडली आणि आज जगभरचे समुपदेशक ती वापरतात.

मग श्रद्धेचा प्रश्न: "अडचणीत कुणाचं नाव घेता?" कुणी मुक्ताई म्हणतो, कुणी सप्तशृंगी, कुणी अल्ला. नवापूरकडचा एखादा येशूचं नाव घेतो. कुणी सांगतो की 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आजोबांनी ती घेतली होती आणि मी मोडली. कुणी म्हणतो, कुणाचंच नाही. ते उत्तरही तसंच लिहून घ्यायचं. समुपदेशकानं स्वतःचा देव पुढे सरकवला की समुपदेशन संपलं आणि प्रचार सुरू झाला.

यातून कामाचं काय निघतं याचं एक उदाहरण देतो. आप्पा म्हणू त्यांना. दोन-तीन माणसं मिळून एक केलेले. पन्नाशीचे, तापीकाठचं गाव. त्यांची तलफ दिवेलागणीला यायची, साडेसहा ते आठ. तलफ ही लाटेसारखी असते: चढते, माथ्यावर येते आणि काही केलं नाही तर साधारण अर्ध्या तासात ओसरते. पिणाऱ्याला हे माहीतच नसतं, कारण त्यानं ती ओसरेपर्यंत कधी वाटच पाहिलेली नसते. आता गावच्या मंदिरात हरिपाठ किती वाजता? सात. किती वेळ? अर्धा तास, टाळ-मृदंगासह थोडा जास्त. आप्पांचा उपचार एवढाच लिहिला गेला: साडेसहाला पोटभर खायचं, पावणेसातला घर सोडायचं, देशीच्या दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं जायचं, टाळ हातात घ्यायचे. भुकेल्या पोटी तलफ वाढते, म्हणून खाणं आधी. हात टाळात गुंतले की थरथर लपते, हे आप्पांनीच आम्हाला सांगितलं.

याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. नमाजाची वेळ, संध्याकाळची प्रार्थना, बुद्धविहारातली वंदना यांच्या बाबतीतही हाच हिशेब चालतो. देव न मानणाऱ्या एकाला आम्ही त्याच वेळी तालमीत पाठवलं.

माळ तुटली त्या दिवशी

माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथे हातची जातात. म्हणून थोडं सविस्तर.

श्रद्धावान माणूस सोडतो तेव्हा नुसती सोडत नाही, व्रत घेतो. व्रताला मधलं काही नसतं. ते अखंड असतं किंवा मोडलेलं. चार महिने कोरा राहिलेला माणूस भाच्याच्या हळदीत एक नव्वद घेतो. एकच. पण मनात आवाज उठतो: माळ तुटी गई, आते काय ऱ्हायनं! आणि मग तो तीन दिवस घरी येत नाही. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं ही गोष्ट नेमकी पकडली होती: पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरची "मी संपलो" ही भावना जास्त घात करते. ज्याचं व्रत जितकं कडक, त्याची ती भावना तितकी खोल. ज्या श्रद्धेनं चार महिने उभं ठेवलं, तीच त्या रात्री आडवं करते.

म्हणून चांगला समुपदेशक पहिल्याच महिन्यात, सगळं छान चाललेलं असताना, हा विषय काढतो. घरच्यांना ते अपशकुनासारखं वाटतं. पण आग लागायच्या आधीच विहीर खणायची असते. कागदावर लिहायचं: पाय घसरला तर चोवीस तासांच्या आत कुणाला फोन करायचा, उरलेली बाटली कोण ओतणार, आणि ज्यांच्या हातून माळ घेतली त्या महाराजांना कोण सांगणार. महाराजांशी आधीच बोलून ठेवणं, ही माझ्या अनुभवातली सगळ्यात उपयोगी पायरी. एका बुजुर्ग कीर्तनकारांना मी भीत भीत विचारलं, माळ पुन्हा घालता येते का? ते म्हणाले, विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे तो कशासाठी, वाट बघायलाच ना? आप्पांना हे त्यांच्याच तोंडून ऐकवलं. मी सांगून उपयोग नव्हता.

याच कारणानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेण्याला आम्ही विरोध करतो. शपथ मोडली आणि पंधरा दिवसांनी पोराला डेंग्यू झाला, की बाप आयुष्यभर स्वतःला खुनी समजतो. आणि ते दुखणं विसरायला तो कुठे जातो ते सांगायला नको. सप्त्याच्या काल्याला स्टेजवर बोलावून "यांनी दारू सोडली" म्हणून शाल-श्रीफळ देणंही तसंच. सव्वा महिन्याच्या कोऱ्या माणसावर अख्ख्या गावाचे डोळे टांगायचे आणि मग तो घसरला की तेच डोळे. समुपदेशनातलं बोलणं बाहेर जात नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि दारू-अमली पदार्थांशी जोडलेले मनाचे आजार त्या कायद्यात धरलेले आहेत.

सातपुड्याकडे गेलं की

सपाटीवरचा हिशेब डोंगरात जसाच्या तसा चालत नाही. अक्कलकुवा-धडगावकडे मोहाची दारू देवाला धार म्हणून वाहतात. जन्म, लग्न, मरण तिच्याशिवाय होत नाही. तिथे "देवासाठी सोड" म्हणणं अर्धवट आहे, कारण देवाच्या ताटातच ती आहे. तिथला समझदार समुपदेशक पुजारी आणि घरातल्या म्हाताऱ्यांना बोलावतो आणि विचारतो: धार जमिनीवर टाकली, यानं ओठाला लावली नाही, तर चालेल का? बहुतेकदा चालतं.

आणि याच पट्ट्यानं श्रद्धेच्या जोरावर दारू सोडण्याच्या मोठ्या लाटा पाहिल्या आहेत. 1922 साली सुरतेकडच्या आदिवासी भागात देवीची चळवळ उठली: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्याकडे राबू नका. 1930 च्या दशकात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात आरती सुरू केली, "आप की जय" म्हणत हजारो लोक जमले आणि दारू सोडू लागले. त्या माणसांना कुणी रुग्ण म्हटलं नव्हतं. एकत्र जमायची ठरलेली वेळ, नवी ओळख, एकमेकांना घालायचा नमस्कार हे सगळं तिथे होतं. आज ओपीडीत आम्ही तेच एकेका माणसासाठी हातानं जुळवत बसतो.

तिचे उपास

बायको हा या प्रकरणातला दुसरा रुग्ण. तिनं सोळा सोमवार केलेले असतात, कानबाईच्या रोटांना नवस बोललेला असतो, आणि तो प्यायला की तिला वाटतं आपलंच पुण्य कमी पडलं. समुपदेशकाला तिला वेगळं बसवून सांगावं लागतं की त्याची दारू तुमच्या उपासानं सुटत नाही आणि तुमच्या चुकीनं लागलीही नाही. तिनं काय थांबवायचं तेही ठरतं: दुकानदाराची उधारी फेडणं, मालकाला "त्यांना ताप आहे" असा खोटा निरोप पाठवणं. बिल विल्सनची बायको लॉइस हिनं 1951 साली कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन सुरू केली ती हाच गुंता सोडवायला. आणि मारहाण होत असेल तर "सहन कर, देव बघतोय" असं सांगणारा समुपदेशक असो की महाराज, तिथून उठायचं. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

तसंच, एसटी स्टँडच्या भिंतीवर "न सांगता दारू सोडवा" असं रंगवलेलं असतं, त्यापासून लांब राहा. भाजीत कालवायच्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस नकळत प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी जीवही जातो. हेच औषध डॉक्टर देतात, पण त्याला सांगून आणि तपासण्या करून. एकरकमी पैसे घेऊन खात्री देणारा, मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायला लावणारा, साखळीनं बांधणारा: नावापुढे कितीही उपाध्या असोत, हा उपचार नव्हे. साखळदंडाला तर 2017 च्या कायद्यानं सरळ बंदी आहे.

2019 साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे 37 ओट्यावरच्या बैठकीतच अडकलेले असणार.

धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मानसोपचाराच्या ओपीडीत विचारावं. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस 14416. पहिल्या दिवशी जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरातलं एक माणूस सोबत न्यावं. गळ्यात माळ असेल तर असू द्यावी, कुणी काढायला सांगत नाही. सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील तर घेऊन आलात तरी चालेल, फक्त डॉक्टरला तसं सांगा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. केसपेपरची रांग लवकर लागते, म्हणून पहिली एसटी धरावी.